नगारा टेकडीवरचा धूर

१

आमच्या मंडळातला गिरिधर रविवारी सकाळी नगारा टेकडीच्या कड्यावर जिवानिशी गेला, आणि सोमवारी दुपारपर्यंत पोलिसांनी देवरावला आत टाकलं. एवढी तत्परता आमच्याकडे एरवी सायकल चोरीला गेल्यावर दिसत नाही.

या खेपेच्या शिबिराला मी गेलो नव्हतो; अटकेची बातमी द्यायला फौजदार ठोंबरे स्वतः माझ्या घरी आले. मी मार्तंड खानझोडे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. नागपूरसारख्या सपाट गावात राहून पन्नाशीनंतर मला डोंगर चढायचं वेड लागलं आणि १९६९ साली मी टेकडी मंडळ काढलं. लोक हसले. पण सात वर्षांत नगारा टेकडीवर इतकी गर्दी व्हायला लागली, की थंडीच्या दिवसांत कड्याखाली तंबू ठोकायला जागा मिळेना. दगड मारला की त्या खडकातून पोकळ आवाज येतो, म्हणून गावकरी तिला नगारा म्हणतात.

"कड्यावर आग्या मोहोळ होतं, सर," फौजदार म्हणाले. "कोणीतरी त्याला धूर दिला. पोरगा चाळीस फुटांवर दोराला बांधलेला. पळणार कुठे? दवाखान्यात नेईपर्यंत संपला."

"आणि देवराव?"

"तो मध काढतो. शनिवारी पोरांशी भांडला. घरात धुराचा पलिता सापडला. अजून काय पाहिजे? गुरुवारी कोर्टात उभा करतो. तुम्ही फक्त दोर ठीक होता एवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं नाही. देवराव त्या टेकडीच्या पायथ्याचा सत्तरीचा म्हातारा. त्याला मी ओळखत होतो, आणि त्याचं एक देणंही माझ्यावर होतं, पैशाचं नव्हे, शरमेचं. मागच्या वर्षी आमच्या शिबिरानं टेकडीवरचं पळसाचं बन सरपणासाठी अर्धं केलं होतं. तेव्हा या म्हाताऱ्यानं मला हात धरून प्रत्येक खुंट दाखवला. शिवी एक दिली नाही. मी घरी येऊन अकरा नियम लिहिले, सायक्लोस्टाइल केले, आणि पाठ असल्याशिवाय कोणाला शिबिरात घेतलं नाही. तिसरा नियम: टेकडीवरची काडी तोडू नये, सरपण घरून आणावे. सातवा: चूल वाऱ्याच्या आड, खडकाच्या खोबणीत करावी, निघताना मातीने बुजवून जागा होती तशी करावी. नववा: झऱ्याचे पाणी पिण्यापुरतेच घ्यावे, ते गावाचे आहे. मला त्या कागदाचा भारी अभिमान होता.

संध्याकाळी सक्करदऱ्याला गेलो. तलावापलीकडे गिरिधरचं घर. वडील नाहीत, आई रंभाबाई दोन म्हशींवर घर चालवायची. ती ओसरीवर हात मांडीवर टाकून बसली होती. उजव्या हाताची करंगळी म्हशीच्या दाव्यात सापडून कधीतरी मोडलेली, बाहेरच्या बाजूला वळलेली. मी समोर बसलो तरी बराच वेळ ती त्या हाताकडेच बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "धुपट कोनं केलं?"

"पोलीस म्हणतात, देवरावनं."

"थे नाई करनार. माहा पोरगा त्याले बाबा म्हने." तिनं वर पाहिलं. "तुम्ही शोधा जी. मले कोनाले फाशी नाई द्याची. पन कोनं केलं, थे मले समजलं पाह्यजे. नाई तं मले प्रत्येकाचं तोंड पाहून वाटते, यानं केलं असन का."

मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

२

मंगळवारी सकाळी ठाण्यात देवरावला भेटलो. कोठडीत तो भिंतीला पाठ न टेकता बसला होता.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"पान्यावरून, मास्तर. झऱ्याले आता ओंजळभर धार हाय. अन् तुमचे पोट्टे बादल्या भरून राहिले होते. मी म्हनलं, बापाहो, हे पानी गावानं वैशाखापर्यंत पुरवाचं हाय. तो मधुसूदन माह्यावर वरडला."

"आणि गिरिधर?"

"त्यानं मधुसूदनले गप केलं. माह्यासमोर दोन्ही बादल्यांवर झाकन ठेवलं. म्हने, 'बाबा, प्याच्या वरतं एक थेंब वापरनार नाई, तांब्यासुदा मातीनं घासू.' असा पोट्टा. त्याच्यावर मी माश्या सोडीन का?"

"तुझ्या घरात पलिता मिळाला."

"मिळन नाई तं काय! मागच्या सालचा हाय. कोळ्यानं त्याच्यावर जाळं केलं, थे नाई दिसलं का तुमच्या फौजदाराले? होळीच्या आंधी मी मोहोळाले हात लावत नाई. पिल्लं राह्यते त्यात."

मी फौजदारांना जाळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "सर, कोळी काय साक्षीदार म्हणून उभा करता?" वर म्हणाले, "नाही तर दुसरं नाव द्या. धूर आपोआप होत नाही."

खरं होतं. धूर आपोआप होत नाही. निघताना देवरावनं गजांमधून मला विचारलं, "मास्तर, झऱ्यावर कोन बसून हाय आता?" त्याला स्वतःपेक्षा झऱ्याची काळजी.

३

चारुशीला धंतोलीत राहायची. एमएस्सी करत होती आणि मंडळात गिरिधरनंतर तिच्याइतकं चांगलं कोणी चढत नसे. खालून गिरिधरचा दोर तीच धरून होती. तिचा चेहरा इतका सुजला होता की डोळे शोधावे लागत होते. माश्या अंगावर असताना तिनं दोर सोडला नाही, हातभर हातभर करत त्याला खाली घेतलं.

"धूर दिसला का तुला?"

"नाही सर. दिसला काहीच नाही. पण आधी वास आला."

"कसला?"

"घरचा वास. म्हणजे... मारुतीच्या देवळापाशी नवसाचं जेवण असते ना, तसा. मला वाटलं, माझ्याच हाताला रात्रीच्या रोडग्यांचा वास येऊन राहिला. विस्तवातून रोडगे काढताना बोट भाजलं होतं माझं." तिनं पट्टी बांधलेलं बोट दाखवलं.

रोडगे म्हणजे आमच्याकडचं शिबिराचं हमखास जेवण. कणकेचे गोळे विस्तवात भाजायचे, वांग्याच्या भाजीबरोबर चुरून खायचे. भांडी कमी लागतात, म्हणून मीच ते सुचवलं होतं.

"गिरिधर चढायच्या आधी काय करत होता?"

"सगळं आवरून राहिला होता, नेहमीसारखं. आम्ही चहा घेतला, आठला तंबू गुंडाळले, बाकीचे पायथ्याकडे उतरले. कागदाचा कपटा ठेवला नाही त्यानं. सगळ्यात शेवटी आला. हाताला लाल माती. मी चिडले पण, की दोर खराब होईल, हात पूस आधी. शेवटचं बोलणं तेच झालं, सर. हात पूस."

मी उठलो. दारापर्यंत आल्यावर ती मागून म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पोलिसांना मी नाही सांगितलं."

"काय?"

"पहिल्यांदा वर मी जाणार होते. बोट भाजलं म्हणून तो गेला. सर, तो धूर माझ्यासाठी होता का?"

४

मधुसूदनच्या वडिलांचं सीताबर्डीवर कापडाचं दुकान होतं. मंडळाचं सामान तो मागच्या खोलीत ठेवायचा. चारुशीलेशी त्याचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. मी दुकानात शिरताच त्यानं सिगारेट गल्ल्याखाली विझवली. वासावरून समजत होतं, पण मास्तरसमोर सिगारेट नको, एवढी रीत त्याच्यात होती.

"माश्या उठल्या तेव्हा, सव्वानऊला, तू कुठे होतास?"

"कड्याच्या मागे. लघवीला."

"अर्धा तास?"

तो कापडाचा गठ्ठा सारखा करत राहिला. मी नुसता बसून राहिलो. वर्गात तीस वर्षं मी हेच केलं होतं. न बोलता बसलं की पोरं बोलतात.

"सर, वर होतो," तो शेवटी म्हणाला. "कड्याच्या माथ्यावर. दोर ज्या झाडावरून फिरवला होता तिथं बसून राहाचं काम माझं होतं. मी तिथंच होतो. सिगारेट ओढून राहिलो होतो. माश्या उठल्या अन् मी पळालो. त्याला वर ओढून घेता आलं असतं कदाचित. मी पळालो, सर."

तो रडायला लागला. गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

"तुझ्या सिगारेटच्या धुरानं आग्या मोहोळ उठत नाही," मी म्हणालो. "मोहोळ तुझ्याखाली पंधरा फुटांवर. तू खाली वाकून पाहत होतास. तिथं पलिता घेऊन कोणी आलं?"

"कोणीच नाही! तेच तर म्हणून राहिलो. वर मी होतो, खाली चारुशीला. मधात नुसता खडक. तिथं माणूस उभा राहू शकत नाही. देवराव तर नव्हताच. पण हे सांगितलं असतं तर मी पळालो हेही सांगावं लागलं असतं." त्यानं डोळे पुसले. "काहून केलं मी असं?"

म्हणजे देवराव सुटला. माझ्या मनात तरी सुटला. पण मग धूर द्यायला उरलं कोण? वर कोणी नाही, खाली कोणी नाही, मध्ये खडक.

"शिबिराचं सामान दाखव," मी म्हणालो.

मागच्या खोलीत दोर, तंबू, झाकण घातलेल्या दोन बादल्या होत्या. कोपऱ्यात एक पोतं. मी तोंड सोडलं. आत चार-पाच गोवऱ्या उरल्या होत्या.

"हे गिरिधरनं आणलं. तुमचा तिसरा नियम, लाकूड तोडायचं नाही. तो म्हणे, आईनं थापलेल्या आहेत, रोडग्याला गोवरीशिवाय चव नाही. सायकलवर आणलं पोतं त्यानं."

मी एक गोवरी उजेडात धरली. वरती बोटांचे ठसे होते. तीन सरळ, आणि चौथं, शेवटचं, बाहेर वळलेलं.

ती गोवरी मी खाली ठेवली.

५

बुधवारी फौजदारांना घेऊन टेकडीवर गेलो. मधुसूदन पोतं घेऊन आला. सगळं सांगायचं त्यानं कबूल केलं होतं.

कड्याखालची जागा इतकी स्वच्छ होती की शिबिर झालं होतं असं शपथेवर सांगूनही पटलं नसतं. दुसऱ्या मंडळांचे डबे, बाटल्या पलीकडे पडलेल्या. आमच्या जागेवर काही नाही. तंबूच्या खुंट्यांची भोकंसुद्धा बुजवलेली.

"बारा लोक जेवले," मी म्हणालो. "चूल कुठे आहे?"

फौजदार इकडेतिकडे बघत राहिले. मला शोधावी लागली नाही. चूल कुठे असेल हे जगात मला सर्वांत चांगलं ठाऊक होतं, कारण ती कुठे करायची हे मीच लिहिलं होतं. काखेत कळसा होता आणि मी तीन दिवस नागपूरभर वळसा घालत होतो. कड्याच्या डाव्या अंगाला, वाऱ्याच्या आड, खडकात एक खोबण होती. तिच्या तोंडावर दगड नीट रचलेले, वर लाल माती लिंपल्यासारखी, आणि मातीवर वाळका पाला पसरलेला.

दगड काढले. माती उपसली. खाली राख होती, पण भुगा नव्हता. गोवऱ्या जशाच्या तशा, पांढऱ्या, राखेच्या. मोकळ्या हवेत जळलेली गोवरी ढासळते. ही आतल्या आत धुमसत जळली होती, म्हणून आकार राहिला होता. एकीवर चार बोटं स्पष्ट दिसत होती. चौथं बाहेर वळलेलं. फौजदारांनी बोट लावलं आणि ती विरून गेली.

"ही सरपणाची गोष्ट झाली," ते म्हणाले. "धूर वर कसा गेला?"

मी खोबणीच्या मागच्या भिंतीवर दगड मारला. नगाऱ्यासारखा पोकळ आवाज आला. मागे, वरच्या कोपऱ्यात, हात जाईल एवढी भेग होती, आणि तिच्या कडा काळ्या झाल्या होत्या.

पोत्यातल्या गोवऱ्या पेटवल्या. तोंड उघडं होतं तोवर धूर समोरून बाहेर आला, आमच्या डोळ्यांत गेला. शनिवारी रात्री तेच झालं होतं, माश्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मग मी दगड रचले, वर माती टाकली, नियमाप्रमाणे नीट बुजवलं. धूर थांबला. विझली असंच वाटलं.

"आता वर बघा," मी म्हणालो.

पाव तास काही नाही. खडक उन्हानं तापत होता. मग कड्याच्या वरच्या अंगाला, जिथं माश्यांनी सोडलेलं रिकामं पोळं लोंबत होतं, त्याच्या बरोबर खाली एका फटीतून बारीक निळसर धूर निघाला. निघाला आणि थांबेना. गोवरीचा वास खालपर्यंत आला, नवसाच्या जेवणाचा वास.

फौजदारांनी टोपी काढली. "चूल बुजवली कोणी?"

"ज्याच्या हाताला लाल माती होती त्यानं."

पुढचं मी एका दमात सांगितलं. लाकूड तोडायचं नाही, म्हणून तो घरून गोवऱ्या घेऊन आला. गवताला आग लागू नये, म्हणून चूल खोबणीत केली. पाणी गावाचं, देवरावला शब्द दिलेला, म्हणून विस्तवावर एक तांब्या ओतला नाही. जागा होती तशी करायची, म्हणून मातीनं बुजवली. हात पुसले, दोर बांधला आणि आपणच कोंडलेल्या धुराच्या वाटेवर चढला. एकही चूक केली नाही. नियमांत कुठे चूक आहे, तेही मला सापडेना. तिसरा चांगला, सातवा चांगला, नववा चांगला. तिघांनी मिळून त्याला मारलं.

"मग गुन्हा कोणावर लावू?" फौजदारांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

"नियम माझे आहेत. माझ्यावर लावा."

"असं कलम नाही, सर," ते म्हणाले, आणि टोपी घालून उतरायला लागले.

देवराव त्याच संध्याकाळी सुटला. ठाण्याच्या पायरीवर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन तांबे पानी लागलं असतं, मास्तर. मीच वरडलो त्याईच्यावर." मी त्याला म्हटलं, तुझा दोष नाही. त्यानं ऐकलं नाही. मीही दुसऱ्या कोणाकडून तसं ऐकून घेतलं नसतं.

६

गुरुवारी सक्करदऱ्याला गेलो. वाटेत दोनदा सायकलवरून उतरलो. खोटं सांगता येईल का, याचाच विचार करत होतो. माश्या आपोआप उठल्या म्हणावं, घार आली म्हणावं. पण बाईनं एकच गोष्ट मागितली होती.

रंभाबाई घरामागे शेणाच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती. चार दिवस म्हशींचं शेण साचलं होतं. मला पाहून तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"समजलं का जी?"

"समजलं," मी म्हणालो.

तिनं हात धुतले, मला घरात नेलं. देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर माझा सायक्लोस्टाइलचा कागद होता, खळ लावून नीट चिकटवलेला, चारी कोपरे सरळ.

"हे त्यानं लावलं. रोज वाचे. मले वाचता येत नाई. तुम्ही वाचा आंधी, मंग सांगा."

मी वाचायला लागलो. पहिला, दुसरा. तिसऱ्याला ती म्हणाली, "हो, म्हनून मीच म्हनलं त्याले, गवऱ्या ने घरच्या. पोतं मीच भरून देल्लं." मग सातवा. "निघताना मातीने बुजवून..."

"काय बुजवून?"

"चूल."

"गवरीची चूल?"

मी मान हलवली.

ती कागदाकडे बघत होती, मग स्वतःच्या हाताकडे. जिनं उभा जन्म गोवऱ्या थापल्या, तिला धूर कसा आणि कुठून निघाला असेल हे सांगायला मास्तर लागत नव्हता. माझ्या तीन दिवसांच्या तपासाला तिला एक श्वास पुरला.

"गवरी मातीनं इझत नसते, मास्तर," ती हळू म्हणाली. "माती टाकली का थे जपून राह्यते. आम्ही सकाळच्यासाठी इस्तो असाच ठेवतो, राखेत दाबून. इझवाची असन तं पानी टाका लागते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही कधी चूल इझवली का जी?"

एकसष्ट वर्षांचं माझं आयुष्य. आई होती तोवर आईनं, मग बायकोनं, आता सुनेनं. चूल, शेगडी, स्टोव्ह. मी कागदावर चुलीची उत्तम आकृती काढू शकत होतो.

"नाही," मी म्हणालो.

"त्यानंही नाई. मी त्याले चुलीपाशी कधी बसूच देल्लं नाई. पोरगा हाय म्हने, अभ्यास कर म्हने." ती खाली बसली. "अन् मीच गवऱ्या भरून देल्ल्या."

मी पुढे होऊन कागदाच्या कोपऱ्याला नख लावलं. तो भिंतीवरून काढावा, फाडावा, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्या हातानं लावला हाय."

मी हात मागे घेतला. बाहेर म्हैस ओरडली. रंभाबाई उठली, घरामागे गेली, पदर खोचून शेणापाशी बसली. शेण थांबत नाही, वाळून जातं. तिनं गोळा उचलला, थापला, वर चार बोटं उमटली. मग दुसरा. मी दाराशी उभा राहिलो. तिनं जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही, आणि तिसरं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं.